रंजूचा गृहचौकशी अहवाल

२७ ऑक्टोबर
रंजू आज तुरुंगातून बाहेर पडली. सहा वर्षांची झाली, आता कैदी आईजवळ ठेवता येत नाही. सोनीनं लेकीची वेणी घातली नि भिंतीकडे तोंड करून बसली. बालगृह नको, माझ्या आईकडं द्या, म्हणून तीच मागे लागलेली. घर मूल ठेवण्याजोगं आहे का बघायची गृहचौकशी तुरुंगाची कल्याण अधिकारी म्हणून माझी. भाद्रपदात टोकावड्याजवळच्या वाडीवर जाऊन आले होते. सारवलेलं घर, कोंबड्या, आजी धट्टीकट्टी. शेरा 'योग्य'. महिला कैद्यांचा वेगळा विचार करा, हे प्रशिक्षणातलं एकदा तरी कामी आलं.

१४ नोव्हेंबर
रंजूला बघायला वाडीवर. घरं बंद. ओट्यावर एकच म्हातारा. "दिवाळी झाली, समदी वीटभट्टीवं गेली. पोरबी गेली आजीसंगं."

दरवर्षीच जातात. पंधरा वर्षं शहापुरात राहून मला हे सुचू नये? फॉर्मात छप्पर, संडास, वीज, सगळ्याचे रकाने. घर किती महिने उघडं असतं, तो नाही.

कोणाच्या गाडीनं गेले?

"सोनीनं मारलेल्या त्या मुकादमाच्याच. दुसऱ्याची गाडी येते कुठं हितं?"

सोनी आत आहे ती त्याच मुकादमाच्या खांद्यावर कोयता मारला म्हणून. भट्टीवर तो तिच्या झोपडीत शिरला होता.

१५ नोव्हें.
साहेबांना सांगितलं. "मूल नातेवाइकांच्या ताब्यात आहे ना? मग फाइल बंद." कसली बंद.

१७ नोव्हें.
महिला विभाग. सोनीला चुकवायचं म्हणून मागच्या बाजूनं गेले, तर तिथेच धुणं धूत होती.

"ताई, वाडी भट्टीवं गेली असंल ना?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर मी शेरा दिला नसता, म्हणून गप्प राहिली.

"आईजवळ हाय, मना भ्याव नाय. त्या मुकादमाच्या गाडीत आई चढायची नाय. दुसरी भट्टी बघंल."

"हो," म्हटलं. खोटं बोलले. तिच्या तोंडाकडे बघवेना.

१८ नोव्हें.
म्हाताऱ्याला पुन्हा गाठलं. भट्टी शेणव्याच्या अलीकडे म्हणाला. उद्या जाते. पोलीस बरोबर घेतले तर मुकादम आजीवर राग काढेल. एकटी गेले तर मला आत तरी सोडेल का... खूप भीती वाटते. रंजू तिथे सापडू दे म्हणायचं की सापडू नये, तेही कळत नाही.