आयत्या एकशेचाळीस खुणा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज रुजू झाले! कारखाना चष्म्याच्या काचांचा, सातमजली, आणि मी चौथ्या मजल्यावर तपासनीस. काम माझ्या स्वभावाला साजेसं आहे: काच दिव्यासमोर धरायची, ओरखडा शोधायचा आणि सापडला की घासणाऱ्यांच्या नावाने खडे फोडायचे. दादा म्हणतो, तू हे बिनपगारीही केलं असतंस. खोली समोरच्याच गल्लीत मिळाली. खिडकीला पडदा नाही, पण नळाला पाणी धो धो येतं.

जिन्याच्या तळाशी एक मोठा तक्ता टांगलाय. प्रत्येकाने एक चांगली सवय धरायची आणि पाळली त्या दिवशी आपल्या ओळीत लाल खूण. कुणी सिगरेट सोडलीय, कुणी रोज दहा पानं वाचतं. तक्ता सांभाळणाऱ्या बाईंचं नाव मी लगेच खूणताई ठेवलं. त्यांनी मला माझ्या आधीच्या तपासनीस बाईची ओळ दाखवली. जिना चढायची सवय, रोज कालच्यापेक्षा एक पायरी जास्त. एकशेचाळीस दिवस, एकही खाडा नाही. ती बाई नोकरी सोडून गेली, म्हणाल्या, तुम्ही शून्यापासून कशाला सुरू करता, हीच पुढे न्या. मीही झाले आयत्या बिळावर नागोबा. एकशेएक्केचाळीस पायऱ्या चढले. धाप लागली, पण खूण बघून छाती फुगली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
एकशेचव्वेचाळीस. दादाचा फोन आला होता. आईच्या हृदयाची झडप बदलायची तारीख ठरली, शुक्रवार एकवीस. आई मात्र हटून बसलीय. धाकटी जवळ असल्याशिवाय मी आत जाणार नाही, म्हणते. डॉक्टर म्हणतात, याहून उशीर परवडणार नाही. एकोणीसपासून माझी रजा मंजूर झालीय. बुधवारच्या बसचं तिकीटही काढलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
सुट्टी. केस धुतले, दिवसभर लोळले, कारखान्याकडे फिरकले नाही. साखळी तुटली तर तुटली. पण मन खात होतं. ज्या खुणा मी केल्याच नाहीत त्या गेल्याचं मला दुःख! स्वतःचाच राग आला.

सोमवार, १० फेब्रुवारी
कालच्या चौकटीत लाल खूण! मी खूणताईंशी भांडायलाच गेले, खोट्या खुणा कशाला करता म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, खुणा मी करत नाही, तुमच्या पोटऱ्यांना विचारा.
पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. घरी येऊन, कारखान्यात कधीच न नेलेल्या घरच्या चपला उलट्या केल्या. तळव्यांना जिन्यावरची काचेची पूड होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
पॅकिंगवाल्या काकू इथे वीस वर्षं आहेत. आज त्यांना कोपऱ्यात गाठलं. त्यांनी खालच्या मानेने सांगितलं की इथली ओळ मोडता येत नाही, फक्त दुसऱ्याला देता येते. तुम्ही घेतलीत म्हणून ती आधीची बाई सुटली.
मी काचांचा अख्खा ट्रे आपटला. वीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या का, म्हटलं. काकू रडल्या. रडू देत. आणि मी? फुकट ते पौष्टिक म्हणून हात पुढे करणारी मीच ना!
मोजल्या. गच्चीपर्यंत एकशेचोपन्न पायऱ्या आहेत. रविवारी संपतील. मग बघू काय करते ही ओळ.

सोमवार, १७ फेब्रुवारी
काल संपल्या. आज हसतच गच्चीवर गेले.
गच्चीच्या मधोमध एक पायरी. खाली आधार नाही, बाजूला भिंत नाही. नुसती हवेत.
मी बघेपर्यंत माझा पाय तिच्यावर होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
नवी तपासनीस आलीय. पोरगेलीच आहे. खूणताईंनी तिला थेट माझ्या ओळीपाशी आणलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, घेऊ का, अशा नजरेने. माझ्या तोंडून एक हो निघाला असता तर उद्या मी आईजवळ असते. तोंड उघडलंही. तेवढ्यात तिने विचारलं की चढताना फार दम लागतो का, तिला लहानपणापासून दमा आहे.
मी अशी ओरडले की तळमजल्यावरची मशीनं थांबली. शून्यापासून कर, म्हटलं, शून्य तरी तुझं स्वतःचं असेल!
खूणताई माझ्याकडे मायेने बघत होत्या. गळा दाबावासा वाटला त्या बाईचा.

बुधवार, १९ फेब्रुवारी
बसमध्ये बसले होते. खिडकीशी. वाहकाने तिकीटही बघितलं. डोळे मिटले, उघडले — तिसरा मजला. हातात बॅग, मुठीत तिकीट.
पुन्हा गेले. पुन्हा जिना.
माझे पाय आहेत की त्या तक्त्याचे?

गुरुवार, २० फेब्रुवारी
खाली उतरताच येत नाही. दहा उतरते — अकरा चढलेली असते.
दादा फोनवर खवळला. तुला आईपेक्षा जिना मोठा झाला का, म्हणाला. काय सांगू त्याला? कोण विश्वास ठेवेल —

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. सकाळ
गच्चीच्या वर, हवेतल्या एकशेअठ्ठावन्नाव्या पायरीवर बसलेय. बॅगेच्या पट्ट्याने स्वतःला पायरीला बांधलंय. पाय झटके देताहेत. देऊ देत. आज खूण पडणार नाही. संध्याकाळपर्यंत टिकले की सुटले. मेले तरी गाठ सोडणार नाही.

दादाचा फोन. आई स्ट्रेचरवरून उतरून खुर्चीत बसलीय. आत जात नाही. डॉक्टर म्हणतात, आत्ता, नाहीतर नाहीच.
आईला फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, आले गं, खालीच आहे, लिफ्ट बंद आहे, जिना चढतेय. तू आत जा.
तिला पटत नाही. म्हणते, लहानपणापासून खोटं बोलतेस. पावलं ऐकू येऊ देत —

मेल्या पायऱ्यांनो. तुम्हाला हेच हवं होतं.
गाठ सोडली.

एकशेएकोणसाठ. पाय थांबत नाहीत. साठ. एकसष्ट — फोन कानाशी, अक्षर वाकडं — आई हसली. सावकाश चढ म्हणाली, पडशील.
चाकांचा आवाज. तिला नेताहेत. दार —
विचारतेय, किती राहिल्या.
म्हटलं, ही एक, आणि मग —