मेंढरं गाडीवर बसत न्हाईत

निमोणे, मंगळवार, दिवेलागण

आज शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आन् म्हणल्या, "आप्पा, शुगर बॉर्डरच्या खाली आली की! जिम लावली का?" मी म्हणलो, "न्हाई, मेंढरं."

त्या हसल्या. पण खरंच हाय ते. चार महिन्यांमागं त्यांनीच रोज तासभर चालायला सांगितलं. चाललो असतो, पण गावानं चालू दिलं पायजे ना! रिकाम्या हातानं रस्त्याला लागलं की गाडी थांबलीच. "बसा आप्पा, सोडतो." न्हाई म्हणलं तर माणूस रुसतंय. आठवडाभर चाललो कमी, बसलोच जास्त. आन् पोरगा म्हणतो ती जिम? बंद खोलीत पट्ट्यावर चालून जायचं कुठं?

मग माळ्यावरनं बापाची काठी काढली. घरची मेंढरं विकली तवा मीच ती तिथं टाकली होती. लाज वाटायची. कशाची वाटायची, देव जाणे. चुलतभावाची पाच मेंढरं रोज चारायला मागून घेतली. तवापासून एक गाडी थांबली न्हाई. मेंढरं गाडीवर बसत न्हाईत!

आज सांजच्याला मात्र शाळेतल्या मास्तरांची थांबली. वाटलं, आता हेबी "बसा" म्हणणार. त्यांनी गाडी स्टँडवर लावली. "आप्पा, माझीपण शुगर बॉर्डरवर आलीय. तुमच्यासंगं चालू का?"

बापाची काठी त्यांच्या हातात दिली आन् म्हणलो, "मास्तर, अशी न्हाई. खांद्यावर आडवी धरायची."