पोटभर पाणी

प्रिय ओमना,

तू नर्सिंग सुपरिंटेंडेंट झाल्यापासून वॉर्डातून जातो तो प्रत्येक कागद 'मॅडम'ना जातो. हा मॅडमना नाही. हा त्रेस्याने ओमनाला लिहिलाय, तेव्हा शिव्या आल्या तर मुकाट्याने वाचायच्या.

आपल्या वॉर्डातल्या विजीला आता बरं आहे. ताप उतरलाय. सकाळी थोडी पेज घेतली आणि सोबत लोणचं का नाही म्हणून माझ्याशी भांडली. भांडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण दोन्ही किडन्यांवर सूज आहे, आणि पुढचं आत्ताच सांगता येत नाही म्हणतात डॉक्टर. अगं, केवढीशी पोर! लग्न ठरलंय तिचं.

कसं झालं ते तुला कळवलं असेलच, पण ऑफिसच्या भाषेत. माझ्याकडून ऐक. कोविड वॉर्डातल्या मुलीला ताप आला, म्हणून तिला हॉस्टेलच्या खोलीत एकटीला ठेवलं. टेस्ट निगेटिव्ह आली, तर आम्ही म्हटलं, चुकली असेल, पुन्हा करू. ती कंबर धरून रडत होती, थंडीने कुडकुडत होती, आणि आम्ही दाराशी डबा ठेवून परत फिरत होतो. सगळ्या शिकलेल्या नर्सा! एकीनेही विचारलं नाही की बाई गं, लघवीला जळजळतंय का? का नाही विचारलं, सांगू? जळजळ आम्हा सगळ्यांनाच होत होती. ते दुखणं असतं हेच आम्ही विसरून गेलो होतो.

एका ड्यूटीला एकच पीपीई किट, हा नियम तुझा. आठ तास ते प्लास्टिक अंगावर. मध्ये काढलं की फेकावं लागतं, आणि दुसरं मिळत नाही. म्हणून मुली ड्यूटीच्या कितीतरी आधीपासून पाणी पिणं सोडतात. काहीजणी डायपर बांधतात. विजीला त्याची लाज वाटायची, ती नुसती कोरडी राहायची. पेशंटच्या लघवीचा थेंब न थेंब आम्ही मापतो, जरा कमी झाली की डॉक्टरांच्या मागे धावतो. आमची कोण मापतंय?

मागे मी जादा किट मागायला आले तर तू म्हणालीस, "त्रेस्या, सेवा म्हटली की एवढं सोसावंच लागतं गं." तुझ्यासमोर तेव्हा चहाचा कप होता. असा संताप आला होता मला, की तो उचलून मीच पिऊन टाकणार होते! आणि वर गेटवर आमच्यावर फुलं काय उधळलीत, शाली काय दिल्यात! त्रिशूरच्या उकाड्यात शाल! मुली हसून हसून बेजार झाल्या.

हीच का ती ओमना? आपण शिकत असताना हॉस्टेलात सांबारात अळ्या निघाल्या तेव्हा ताट पालथं घालून बसलेली तूच ना? वॉर्डन किंचाळली, घरी पत्र धाडीन. तू म्हणालीस, "धाडा की, आमच्या घरी सगळ्यांना वाचता येतं." तुझ्यामागे अख्खं हॉस्टेल उपाशी झोपलं. मी चोरून केळं खाल्लं तर आठवडाभर मला भित्री भागूबाई म्हणत होतीस. तुझ्यावर वरून दाब आहे, मला ठाऊक आहे. पण तो जसाच्या तसा आमच्या डोक्यावर का ठेवतेस?

हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. उद्या सकाळच्या ड्यूटीच्या सगळ्या मुली पाणी पिऊन येणार आहेत. मी स्वतः मोठं पातेलं भरून मीठ घातलेलं पेजेचं पाणी ठेवणार आहे, आणि पेला रिकामा केल्याशिवाय एकीलाही किट घालू देणार नाही. मग जिला लागेल ती आपले पेशंट दुसरीच्या हवाली करेल, बाहेर येऊन किट काढेल, संडासला जाईल आणि हात धुऊन तुझ्या दाराशी दुसरं किट मागेल. एकही पेशंट एकटा राहणार नाही, ते मला शिकवू नकोस. नोकरीवरून काढायचं तर माझ्यापासून सुरुवात कर. तुला बेसावध गाठायचं नव्हतं, मैत्रीण आहेस, म्हणून आज कळवतेय. किट काढून ठेव, नाहीतर दारात उभी राहून प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून नाही म्हण. सगळ्यात आधी मीच येणार आहे, आणि भरपूर पिऊन येणार आहे.

तुझीच, अजून तरी,
त्रेस्या