आई जॅममध्ये काय घालायची

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हातांनी नमस्कार. (उजव्या हाताला जॅम लागला आहे, तेवढा गोड मानून घे.) तुझे गुडघे आता बरे असतील, भावोजींचा खोकला थांबला असेल आणि तू अजून माझ्यावर रागावलेली असशील, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे या घरात कोण ठीक आहे आणि कोण नाही, हेच मला हल्ली कळेनासं झालंय.

आई न्हाणीघरात पाय घसरून पडली हे तुझ्या भावजयीने तुला फोनवर सांगितलंच आहे. हाड सांधलं, पण जेवण सुटलं. गेलेलं ताट जसंच्या तसं परत येतं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर अंगात ताकद येणार नाही, आणि ताकद आली नाही तर खाट सुटणार नाही. हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. (ताई, मला खरंच भीती वाटते. दुकानात मशीन चालवता चालवता मी मध्येच उठून तिच्या खोलीत डोकावून येतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, दोरा आणायला गेलो होतो.) शेवटी मीच तिला विचारलं, की बाई, तुला खावंसं तरी काय वाटतं? तर म्हणाली, जर्दाळूचा जॅम. आपला, तो वास येणारा. एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपली. कुठला वास, कशाचा वास, काही नाही.

आता तूच सांग, मी पडलो शिंपी. माझ्या हातात कात्री शोभते, पळी नाही. पण तुझी भावजय म्हणाली, आई तुमची, वास तुमचा, तुम्हीच काढा. म्हणून फळवाल्याकडून जर्दाळू आणले, बिया काढल्या, वजन केलं आणि जितकं फळ तितकी साखर घेतली. पण हाताची सवय जाते का? कापड बेतताना शिवणीत आपण थोडी माया सोडतोच, पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. तशी मी साखरेतही थोडी माया सोडली, मग आणखी थोडी सोडली. तो पहिला जॅम असा काही घट्ट झाला की पळी त्यात उभी राहिली आणि अजून उभीच आहे. तरी खरवडून चमचाभर आईला दिला. तिने डोळे मिटून चाखला आणि म्हणाली, गोड आहे, पण तो नव्हे.

दुसऱ्या खेपेला माया आवरली आणि पुदिना घातला. वास म्हणजे कसला तरी हिरवा पालाच असणार, एवढा तर्क मलाही करता येतो. आईने चाखून विचारलं, हे खायचं आहे की दात घासायचे आहेत. मग गवती चहा घातला. तेव्हा तिने यात दूध कुठे आहे म्हणून विचारलं. लिंबाची पानं घातली, जॅम कडू झाला आणि मीही झालो. रोपवाटिकेतल्या माळ्याकडे गेलो आणि म्हटलं, वास येणारा पाला द्या. तो म्हणाला, कसला वास? मी म्हटलं, तेच तर शोधतोय. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि थाइम नावाच्या कुठल्याशा विलायती पाल्याची कुंडी हातात ठेवली. (मला वाटतं मी लवकर जावं म्हणून.) थाइमच्या जॅमला आई म्हणाली, बरा आहे, पण तो नव्हे. आता आमच्या फडताळात जॅमच्या इतक्या बरण्या झाल्या आहेत की बटणांचे डबे खाली उतरवावे लागले. कालच एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण लावताना बटण बोटाला चिकटून बसलं.

त्यात दुसरा घोळ. फडताळातल्या या नापास बरण्या हळूहळू रिकाम्या व्हायला लागल्या. मी म्हटलं, तुझी भावजय खाते. ती म्हणाली, तुम्हीच खाता आणि वर कांगावा करता. मग आम्ही दोघांनी मिळून दुकानातल्या कारागिराकडे पाहिलं. तो बिचारा मधुमेही आहे, त्याने रागाने दुपारचा चहासुद्धा सोडला. म्हणजे ज्या माऊलीसाठी जॅम केला ती म्हणते तो नव्हे, आणि ज्यांच्यासाठी केला नाही त्यांच्यात भांडणं. मी पार चक्रावून गेलो.

शेवटी धीर करून आईच्या खाटेशी बसलो आणि सरळ विचारलं, तू जॅममध्ये कुठला पाला घालायचीस ते एकदाचं सांग.

ती म्हणाली, "पाला? मी कशाला पाला घालू? मी काय शेळी आहे?"

घे! म्हणजे वास आहे आणि पाला नाही. मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा तिला माझी दया आली असावी. तिने उलट मलाच विचारलं, फोडी रात्रभर साखरेत मुरतात तेव्हा पातेल्यावर काय झाकतोस? मी म्हटलं, ताटली. ती हसली. (पडल्यापासून पहिल्यांदा हसली, ताई. मी उगाच सुई शोधल्यासारखं करून खाली पाहिलं.) मग तिने सांगितलं. ती पातेल्यावर अस्तराचं जुनं कापड बांधायची, आणि गरम बरण्यांच्या तोंडालाही तेच. आता आठव. अंगणातली दोरी बाबांची होती. कापायच्या आधी गिऱ्हाइकांची कापडं पाण्यातून काढून तिच्यावर वाळत घालायची. घरची चिंधीसुद्धा त्या दोरीवर दिसली तर बाबा घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून आपलं सगळं मागच्या दाराजवळच्या झुडपावर वाळायचं. पंचे, उशांचे अभ्रे, तुझे-माझे शाळेचे रुमाल आणि ते अस्तराचं कापड. त्याला सदा झुडपाचाच वास यायचा आणि तोच जॅममध्ये उतरायचा. शाळेत माझ्या रुमालाला कसला वास येतो म्हणून मुलं विचारायची आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच रुमालांना येत असेल.

ते झुडूप म्हणजे रोझमेरी, हे माळ्याला त्याच्या पानांचं वर्णन सांगितलं तेव्हा मला या वयात कळलं. आणि ते आता कुठे आहे हे तुला मी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी मी अंगणात फरश्या घालायला काढल्या तेव्हा तू ते मुळासकट उपटून बादलीत घातलंस आणि रिक्षात बसून निघून गेलीस, ती आजतागायत इकडे फिरकली नाहीस. मी एवढंच म्हणालो होतो की झुडपासाठी गिऱ्हाइकांनी चिखल तुडवायचा का. यात चुकीचं काय ते मला अजून कळलेलं नाही. फरश्या फार चांगल्या बसल्या आहेत. पावसाळ्यात जरा निसरड्या होतात इतकंच.

असो. तुला पत्र लिहिण्यात विशेष हेतू काही नाही. खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार सांग आणि गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या झुडपाची एक फांदी पाठवता आली तर पाहा. घाई नाही. जर्दाळूंचा हंगाम संपायच्या आत मिळाली म्हणजे झालं.

ता. क. दुसरा. पोस्टाने पाठवू नकोस, पानं वाटेत सुकतील. कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्याबरोबर दे. तसं कोणी नसेल तर तूच ये. मी माळ्याकडून बोटभर रोझमेरीचं रोप आणलं होतं. आईने हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, तो नव्हे. मी म्हटलं, अगं, झाड तेच आहे. ती म्हणाली, तुला काय कळतंय. ते मात्र खरं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बरण्यांचा चोर सापडला. आज भर दुपारी आई काठी टेकत फडताळापाशी उभी होती. थाइमचा जॅम बोटाने खात होती. लिंबाच्या पानांचाही संपवलाय म्हणे. मी तोंड उघडणार तोच तिने काठी उगारली आणि बजावलं, "ताईला कळवायचं नाही. मी खाते, चालते असं कळलं तर ती येणार नाही." मी बरं म्हटलं. म्हणून तू हे वाचलेलं नाहीस असं समज आणि ये.

ता. क. शेवटचा. येताना नुसती फांदी आणू नकोस, कुंडीच आण. मागच्या दाराजवळची फरशी काढून ठेवली आहे. तशी झुडपाला एक पुरली असती, पण थोडी माया सोडावी म्हणून चार काढल्या. तुझी भावजय त्या खड्ड्यात दोनदा अडखळली आहे, तेव्हा लवकर ये.