बाहुलीची पाठ

आये, परवा शहापूरच्या एका शाळेत मी पुन्हा तुझी ती गोष्ट सांगितली, आणि सगळे पुन्हा हसले. आधी पोरांना आपली फिल्म दाखवली, चारच मिनिटांची ती. मग नेहमीसारखी उठून सांगायला लागले, बाहुल्यांची फिल्म कशी बनते ते. बाहुली केसभर हलवायची, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचं, पुन्हा केसभर हलवायची. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर एक सेकंद दिसतो. एवढं झालं की मी तुझ्यावर येते. "आणि एके दिवशी काय झालं, माझ्या आईला त्या बाहुलीची दया आली!" इथे मी थांबते. कुठे थांबलं की लोक हसतात ते मला आता पक्कं ठाऊक झालंय. पोरं हसली, मास्तर हसले, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पण फिल्म खरंच त्यांच्यामुळं बिघडली का?" मी म्हटलं, "हो तर!" तोंडातून सुटलंच. घरी आले तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तुला जाऊन नऊ वर्षं होतील, आणि मी अजून तुझ्या नावावर खोटं बोलतेच आहे.

तुला ती शहापूरची खोली आठवत असेल. भाताच्या गिरणीला लागून, एकच खिडकी, भिंतींना सदा तुसाची धूळ. मुंबईत चित्रकला शिकून आले होते, आणि तिथल्या एका बाईंनी विश्वासाने मला कॅमेरा आणि थोडी रिळं दिली होती. म्हणाल्या होत्या, तुझ्या गावाकडची भाताची आवणी दाखव, चिखलात रोपं लावणारी एक बाई, बस. आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या होत्या, की उजेड एकसारखा ठेव, दिवा कमीजास्त झाला तर सगळं फुकट जाईल. तेवढंच बजावलं होतं त्यांनी. मी खायचं-प्यायचं विसरते असं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं, आणि तू घर वहिनीवर टाकून, सिद्धगडाच्या पायथ्यापासून दोन एसट्या बदलून, तांदूळ-सुकटीची पिशवी डोक्यावर घेऊन दारात उभी. आत आलीस ती थेट बाहुलीपुढे. तारेचा सांगाडा, त्यावर स्पंज, मातीचं तोंड, आणि तुझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा तिला कासोटा घालून नेसवलेला. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "नाक माझ्यावानी बसकं केलंस गो. जरा चांगलं करायचं व्हतं, कोन बघनार व्हता?" आपण दोघी किती हसलो होतो. पुढचं सगळं झालं नसतं तर मला तेवढाच दिवस पुरला असता.

शेत तर तूच उभं केलंस. मी फळीवर तूस नि सरस कालवून चिखल केला होता आणि खराट्याचे हीर हिरवे रंगवून रोपं केली होती. मी ती रांगेत पुढे पुढे खोचत होते. तू कपाळावर हात मारलास. "अगो, आवणी करताना बाई मागं मागं जाते. पुढं गेली तर लावलेला तुडवील नाय का? मुंबईला जाऊन इसारली सगला!" मग मी तुला खोलीच्या मधोमध उभी केली आणि म्हटलं, दाखव. तू पदर खोचलास, वाकलीस, डाव्या हातात रोपांची मूठ धरल्यासारखी धरलीस आणि उजव्या हाताचा अंगठा फरशीत दाबलास. आणि मी, आये, मी वही घेऊन समोर बसले आणि म्हणत राहिले, "थांब. तशीच थांब. आता इतकासा हात पुढे. थांब." हात आधी निघतो की पाय, मान कधी वळते, मूठ संपली की डोळे कुठे जातात, सगळं मी काढून घेतलं. तीन दिवस तुला वाकवून ठेवली. साठीला आलेली बाई, अख्खा जन्म चिखलात वाकलेली. तू कुरकूर केली नाहीस. तिसऱ्या दिवशी उठताना मात्र कमरेवर हात ठेवून भिंतीला धरून उभी राहिलीस, आणि मी वहीतून मान वर न करता विचारलं, "झालं का? परत एकदा मागचा पाय दाखव."

मग काम सुरू झालं. बाहुलीच्या नाकासमोर मी तारेची एक सुई उभी केली होती, ती किती सरकली ते कळायला. सुईपासून केसभर दूर, सुई बाजूला, टिप. तू चुलीपाशी, म्हणजे आपल्या त्या वातीच्या स्टोव्हपाशी बसायचीस, पाऊल न वाजवता. तेव्हा भात झोडून झालेलं, गावोगावच्या बैलगाड्या गिरणीपुढे लागलेल्या, गिरणी दिवसभर चालू-बंद चालू-बंद. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "गिरनी चालू झाली का दिवा बारीक होतो गो तुझा." मी म्हटलं, होऊ दे. तू म्हणालीस, "पन तुला उजेड लागतो ना सारखा? गिरनी बंद असंल तवा कर की." मी वैतागले. कॅमेरा ठरल्या मुदतीत परत द्यायचा होता, आणि स्टोव्हपाशी बसून ही मला उजेड शिकवणार! "तुला त्यातलं कळत नाही आये, चालतंय एवढं," असं म्हणाले. तू पुन्हा म्हणून विषय काढला नाहीस.

सातव्या दिवशी सकाळी मी पोस्टात फोन करायला गेले होते. परत आले, दिवे लावले, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि बाहुली उभी! शेताच्या मधोमध ताठ उभी, दोन्ही हात कमरेवर, तोंड खिडकीकडे. मला क्षणभर कळेचना मी काय बघतेय. तू हसत होतीस. काहीतरी चांगलं केल्यावर माणूस हसतं तसं. "किती दिस वाकवून ठेवलीस गो तिला. पाठ मोडंल तिची. म्हटलं तू येईस्तवर जरा सरळ करावी." आये, ज्या जागी ती वाकलेली होती ती जागा पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. सहा दिवसांचे सहा सेकंद मध्येच तुटले होते. पण मी जे बोलले ते त्या सहा सेकंदांपायी बोलण्यासारखं नव्हतं. हाताला खाज सुटली होती का म्हणाले. अडाणी ती अडाणीच राहणार म्हणाले. जन्मभर चिखल तुडवण्यापलीकडे तुला कळलंय काय, असंही म्हणाले. गिरणी चालू होती म्हणून ओरडून म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच ती बंद पडली, म्हणून शेवटचं वाक्य बाहेर गाडीवाल्यांनीही ऐकलं. तुझं हसू जायला वेळ लागला. मग तू हात पुढे केलास आणि हळूच म्हणालीस, "परत वाकवू? कशी व्हती ती माझ्या ध्यानात हाय." मी तुझा हात झटकला.

दुपारी तू भाकऱ्या करून टोपलीत झाकून ठेवल्यास आणि किन्हवलीवरून जाणारी एसटी धरलीस. मी स्टँडवर आले नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. झालेलं रीळ मी धुवायला मुंबईला पाठवलं, निदान सहा सेकंद तरी वाचतील म्हणून. तिथल्या अंधाऱ्या खोलीत एका कारागिराने ते मला लावून दाखवलं. बाहुली छान चालत होती आये, अगदी तुझ्यासारखी, मागचा पाय आधी. पण उजेड! पहिल्या चित्रापासून उजेड धपापत होता. गिरणी चालू असतानाचं एक चित्र काळपट, बंद असतानाचं लख्ख, पुन्हा काळपट. बघताना डोळे दुखत होते. कारागीर म्हणाला, "ताई, हे काही कामाचं नाही. दिवा कुठे लावला होता?" म्हणजे तू तिला हात लावायच्या आधीच ते सगळं फुकट गेलं होतं. तू सरळ केलीस ती आधीच मेलेल्या कामातली बाहुली होती.

कॅमेरा देणाऱ्या त्या बाईंकडे जाताना वाटेत मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण दिव्याचं सांगितलं असतं तर त्यांनी बजावलेली एकुलती एक गोष्ट मी पाळली नाही हे उघडं पडलं असतं, आणि कॅमेरा गेला असता. मी म्हटलं, "आईने बाहुली हलवली." त्या खळखळून हसल्या. "किती गोड!" म्हणाल्या, नवं रीळ दिलं, मुदतही वाढवून दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्या. तुझ्या डोक्यावर पाय देऊन मी वाचले. आणि शहापूरला येऊन काय केलं माहितेय? गिरणी बंद असेल तेव्हाच काम करायला लागले. तू सांगितलं होतंस तसंच.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली आणि परतताना तू पुन्हा त्या खोलीवर आलीस. दाराबाहेरच उभी राहून म्हणालीस, "आत येऊ?" आपल्या पोरीच्या घरात शिरायला तू कधी विचारलं होतंस गो? हातात कागदाची पुडी. त्यात लाकडाचा इवलासा पाट, भातुकलीतला, लाल-हिरवी नक्षी काढलेला. घोंगड्या आणि बैलांच्या त्या गर्दीत तू तो हुडकून आणला होतास. "काम झालं का दे तिला बसाया," म्हणालीस. "मी नाय हात लावत. तूच ठेव." मुंबईचं सगळं कळून तेव्हा मला पंधरा दिवस झाले होते. शब्द घशाशी आले होते, देवाशपथ आले होते. बाहुली तिकडे शेतात वाकलेली होती, तू उंबऱ्यात दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी, काचेच्या दुकानात आलेल्या पोरासारखी, आणि मी म्हटलं काय? म्हटलं, "चहा टाकू?"

पुढची चार वर्षं तू तशीच यायचीस, हात मागे बांधून. पिशवीसुद्धा विचारून ठेवायचीस, "हितं ठेवू का? कशाला लागनार नाय ना?" मला त्याचा राग यायचा. खरं सांगते, राग यायचा, कारण तुझे ते बांधलेले हात मला दिवसभर सलायचे. फिल्म पूर्ण झाली, लोकांना आवडली, आणि त्याहून जास्त आवडली ती तुझी गोष्ट. मी ती सांगत गेले आणि माझं नाव होत गेलं. तिकडे गावात तू बायकांना सांगायचीस, "माझ्या हातनं पोरीचा लय मोठा नुकसान झाला." वहिनी मला म्हणाली होती, शेवटच्या दुखण्यातही तू एकदा तेच बोललीस. ताप चढला होता म्हणे. मी तेव्हा वाटेत होते, मुरबाडपर्यंत पोचले होते. तिथून घरी आले तो तुला बाहेर अंगणात ठेवलं होतं, आणि तुझे हात छातीवर एकत्र बांधलेले होते. बाकी कशाने नाही, त्या बांधलेल्या हातांनी मला रडू फुटलं. बायकांना वाटलं, पोरीचा आईवर केवढा जीव!

त्या चार वर्षांत एकदा मी तुला पत्र लिहिलंही होतं. पण तुला वाचता येत नव्हतं, वहिनी वाचून दाखवायची. माझी चूक वहिनीच्या तोंडून निघणार, मग ती ओटीवर, मग विहिरीवर. एवढी शिकलेली पोर आईवर खोटं घालते, असं गाव म्हणणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते चुलीत घातलं. तुझी मूठ मात्र मी गावोगाव उघडी करत हिंडले.

बाहुली अजून आहे. फिल्म संपता संपता तिची कमरेची तार तुटली. फार वेळा एकाच जागी वाकवली की तार तुटतेच, आता मी माझ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी सांगते. तू ते तारेचं काहीही न शिकता सांगितलं होतंस. पाटावर तिला मी कधी बसवली नव्हती. आज बसवली. पाठ टिकत नाही, म्हणून डब्याला टेकवून बसवली. ह्याच डब्यात ते धपापणारं रीळ आहे. हा कागदही त्यातच घालीन, पोस्टाने पाठवायला तुझा पत्ता उरला नाही, आणि वाचून दाखवायला मला वहिनी तेव्हाही नको होती.

त्या मुलीला शाळेत जाऊन खरं सांगेन की नाही, मला माहीत नाही. सांगेन असं लिहिणार होते, पण आणखी एक खोटं नको. तुला मात्र उरलेलं सांगते. वर लिहितानाही मी असंच लिहिलं, की दिव्याचं पहिल्यांदा तू म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. तसं नव्हतं. पहिल्याच दिवशी, तू काही बोलायच्या आधी, गिरणी चालू झाली आणि माझ्या हातातल्या उजेड मोजायच्या मीटरची सुई खाली आली. मी ती बघितली आये. बघितली आणि चित्र टिपलं.