चमचाभर रक्त

लिव्हरपूल, मंगळवार

लाडक्या एलुनेड,

गुडघा कसा आहे तुझा? मी ठणठणीत आहे.

मृत्युपत्र झालं. साक्षीला बोलावलं नाही म्हणून रुसू नकोस. ज्याला काही मिळणार, त्याची सही चालत नाही. आणि आईची चहाची किटली तुझी आहे.

घर मात्र माझा गेथिन जिथे आपल्याला सोडून गेला त्या इस्पितळाला, रक्ताच्या आजारावरच्या संशोधनासाठी. सही करताना शेजारीण म्हणाली, "अख्खं घर? केवढं मोठं मन गं तुझं!"

कसलं मोठं! तेव्हा डॉक्टरांनी संशोधनासाठी गेथिनचं चमचाभर रक्तच मागितलं होतं. मी ओरडले, "किती टोचाल माझ्या पोराला?"

नऊ वर्षांचा गेथिन बाही वर करून म्हणाला, "घेऊ दे की गं, आई."

मी ती बाही खाली ओढली.

तुझी थोरली,
मॉरविद