यमुनाबाईंच्या बाकाखालची भाकर

रविवार, ४ जानेवारी १९३१

उंदीर नव्हेत! तीन वर्षं मी त्या बिचाऱ्यांना शिव्या घातल्या.

आज महिन्याचं प्रभुभोजन झालं, येशूच्या नावानं भाकरीचा एकेक तुकडा वाटला, मंडळी घरी गेली, मी नेहमीसारखी हिराची केरसुणी घेऊन चर्च झाडायला लागले. बायकांचा पहिला बाक, भिंतीकडची कड. तिथं भाकरीचा तुकडा. दर महिन्याला तिथंच. आज उचलून उजेडात धरला. बोटांनी दाबून गोळी केलेली! उंदीर काय गोळ्या वळतात?

त्या जागेवर यमुनाबाई बसतात. दुसऱ्या कुणाची बसायची छाती नाही. त्यांचे यजमान आप्पा मंडळीच्या पंचांत मोठे.

आणि प्रभुभोजनाची भाकर कुणाच्या हातची? माझ्या. एकोणीस वर्षं. गहू निवडते मी, दळते मी, भाजते मी.

हे कमळा लिहिते आहे. माझी नात, मिशनच्या शाळेत सहावीपर्यंत गेलेली. मला अक्षर येत नाही. तिला शपथ घातलीय — कुणाला वाचून दाखवायचं नाही, आणि आजीला कुठं वाचता येतंय म्हणून गोड करून लिहायचं नाही. तोंड वाकडं करते बघ. तेही लिही गो.

सोमवार, ५ जानेवारी

बाकाचा पाय आणि भिंत, त्यांच्या मधल्या फटीत केरसुणीचा हीर घालून उकरलं. आणखी तीन गोळ्या. वाळून खडा झालेल्या. पदराच्या गाठीत बांधल्यात.

गुरुवार, ८ जानेवारी

यमुनाबाई मूळच्या ब्राह्मणाघरच्या. आप्पांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेरच्यांनी हिच्या नावानं घट फोडला. जिवंत बाईचं सुतक! चार वर्षांचा मुलगा सासूनं ठेवून घेतला, त्याचं तोंड परत दिसलं नाही. एवढं सोसलेली बाई. आणि माझी भाकर घशाखाली जात नाही!

एकदा मी विचारलं होतं, ‘बाई, तुम्हांला येशू कसा भेटला?’ तर म्हणे, ‘हे निघाले, मी मागून आले.’ मला हसू आलं. बाजाराला निघाल्यासारखं!

मला कसा भेटला ते सांगते. कमळाच्या आईच्या मांडीला गळू झालेलं, तेव्हा ती एवढीशी. आम्ही गावाबाहेरच्या वाड्यातली. वैद्य औषधाची पुडी लांबून टाकायचा. मिशनची मड्डम आली ती खाली शेणावर बसली आणि स्वतःच्या हातानं पू काढला. मी विचारलं, ‘तुम्हांला हे करायला कुणी सांगितलं?’ तिनं नाव सांगितलं. तेव्हापासून ते नाव धरून आहे.

मंडळी भेटली ती नंतर.

रविवार, १ फेब्रुवारी

आज पुन्हा. मी मागच्या बाकावरून डोळा ठेवून होते. ताट आलं, तिनं तुकडा घेतला, हात ओठाशी नेला, खाली आणला. मूठ मिटलेलीच.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर गाठलं. सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडली. ‘या घ्या तुमच्या गोळ्या! माझ्या हाताचा विटाळ होतो ना?’

ती पांढरीफटक. आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘हो.’

एवढंच. हो.

मला वाटलं, आता मंडळी लाजेनं खाली बसेल. कसलं! पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर सावरले, एकमेकींकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर काय दिसलं सांगू? सुटल्यासारखं. एकीनं बोलून दाखवलं, बाकीच्यांचं काम झालं!

पाळकसाहेब म्हणाले, ‘आजी, रागानं बोलू नये.’ मी म्हटलं, ‘मग सांगा, कसं बोलू? गाऊन?’

मंगळवार, ३ फेब्रुवारी

समजूत काढायला कुणी आलं नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पंच बसले. चहा प्यायले. ठरलं — मंडळीत शांती राहावी म्हणून यापुढं भाकर आप्पांच्या घरून येईल. यमुनाबाई करतील. पाळकसाहेब स्वतः सांगायला आले, पडवीत बसले, घाम पुसत म्हणाले, ‘तुमचं वय झालं येसूबाई, जात्यावर बसवत नसेल.’

मी म्हटलं, ‘साहेब, बसवतं. तुम्हांलाच माझ्यासमोर बसवत नाहीसं दिसतंय.’

हसले बिचारे. पोट हललं. पण बदललं काही नाही.

‘झाडायचं कोण?’ मी विचारलं. ‘ते आहेच की तुमच्याकडं,’ म्हणाले.

म्हणजे केराला माझा हात चालतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसले. एक शब्द येईना. जातं गप्प, मी गप्प, वरचा तोही गप्प. तिघांचा रुसवा.

सोमवार, २३ फेब्रुवारी

गावात काल सगळ्या जातींसाठी नवं देऊळ उघडलं. वाड्यावरचा धाकू, माझा चुलतपुतण्या, मुद्दाम वाट वाकडी करून आला. दारासमोरच्या खळ्यातूनच ओरडला, ‘काय गो काकी, आमच्यात दार उघडलं आणि तुमच्यात लागलं? ये परत!’

‘दारासाठी नव्हते गेले रे मेल्या,’ मी म्हटलं.

‘मग कशासाठी?’

तो गेल्यावर दिवसभर तेच. मड्डम मेली, तिलाही वीस वर्षं झाली. तिनं सांगितलेलं नाव तेवढं उरलं. ते खरं, एवढं मला अजून वाटतं. पण ते घेऊन बसायचं कुठं? कुणाच्या शेजारी?

कमळा म्हणते, ‘आजी, माझ्या शेजारी.’ हे नको लिहू. लिहिलंस? बरं, राहू दे.

रविवार, १ मार्च

आप्पांच्या घरची भाकर आली. काय ती भाकर! पातळ, पांढरी, कुठं डाग नाही. सकाळपासून यमुनाबाईंनी दुसऱ्या कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही, असं आप्पा तीन वेळा सांगून गेले. ती मान खाली घालून आपल्या जागेवर.

ताट माझ्यापुढं आलं. मी न घेता पुढं सरकवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पाळकसाहेब दारात म्हणाले, ‘आजी, ती भाकर प्रभूची आहे, यमुनाबाईंची नव्हे.’

‘हेच तुम्ही माझी होती तेव्हा त्यांना का सांगितलं नाहीत?’

त्यांना खोकला आला.

आज झाडलं नाही. केरसुणी भिंतीला टेकवून निघून आले. किल्ली तेवढी राहिली माझ्याकडं. येतील मागायला.

रविवार, ८ मार्च

गेले नाही. कमळा किल्ली घेऊन जाऊन आली. म्हणाली, कुणी झाडलेलं नाही, बाकांवर बोटं उमटतात. बरं झालं.

मंगळवार, १० मार्च

बरं काही झालं नाही. कालपासून डोक्यात तो केरच.

शनिवार, १४ मार्च

झाडायला गेले. त्यांच्यासाठी नव्हे.

पहिला बाक, भिंतीकडची कड. फटीत हीर घातला, हाताच्या सवयीनं. गोळी निघाली. पांढरी, कुठं डाग नाही.

तिच्याच घरची. तिनंच दळलेली, तिनंच भाजलेली!

तिच्या जागेवर बसले. विटाळ कधी नव्हताच. माझ्या हातची असो की तिच्या, तिच्या गळ्याखाली येशूच उतरत नाही. मग त्या दिवशी ‘हो’ का म्हणाली? आप्पा समोर उभे होते, म्हणून. ज्याच्या मागून आली, पोर टाकून आली, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा माझा विटाळ सांगायला सोपा. आणि तो तिच्या तोंडात घातला कुणी? मी. पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत.

मंडळी मंडळी म्हणून नावं ठेवत बसले. त्यात मीही आहेच की गो.

गोळीवरच्या मुंग्या झटकल्या. या महिन्यात मी घेतली नव्हती. तिनंही नाही. तिच्या वाटची मी खाल्ली.